मद्रासचे वैद्यक-शिक्षण आणि समाजाचा आवाज : तीन प्रसंगांचा मागोवा

वैद्य कोणी व्हावे, त्याने काय शिकावे आणि कोठे शिकावे, हे वैद्यक-शिक्षणाच्या इतिहासातील तीन मूलभूत प्रश्न होत. त्यांची उत्तरे सामान्यतः शासनाने आणि वैद्यक-व्यावसायिकांनी दिली, असेच इतिहासग्रंथांवरून दिसते. महाविद्यालयांच्या स्थापनेची वर्षे, प्राचार्यांच्या नामावळ्या आणि अभ्यासक्रमांतील फेरबदल यांनी हा इतिहास भरलेला असतो. ज्या समाजाच्या सेवेसाठी हे वैद्य घडवावयाचे, त्या समाजाला याविषयी काही म्हणावयाचे होते काय, आणि त्याने म्हटलेले कोणी ऐकले काय, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते. मद्रास, म्हणजे १९९६ पासूनचे चेन्नई, या शहराच्या इतिहासात ही बाजू उजेडात आणणारे काही प्रसंग आढळतात. त्यांपैकी दोहोंशी मराठी मुलखात जन्मलेल्या व्यक्तींचा थेट संबंध आहे आणि तिसऱ्याची पूर्वपीठिकाही महाराष्ट्राला जोडलेली आहे. या तीन प्रसंगांच्या आधारे वरील प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पूर्वपीठिका

मद्रासमधील वैद्यकसेवेचा आरंभ कंपनीच्या सैनिकांसाठी झाला. सेंट जॉर्ज किल्ल्यात १६६४ साली निघालेले छोटे रुग्णालय १७७२ साली किल्ल्याबाहेर आजच्या जागी आले आणि पुढे त्याचे जनरल हॉस्पिटल झाले. शहराच्या उत्तर भागातील रुग्णालयाची कुळकथा वेगळी आहे. १७८२ च्या दुष्काळात मणेगार चावडी येथे भुकेल्यांना कांजी वाटण्यास प्रारंभ झाला. या अन्नछत्राला लागून पुढे रुग्णसेवा उभी राहिली. तेथेच कालांतराने वैद्यकशाळा निघाली आणि १९३८ साली तिला स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयाचे रूप आले. लोकांनी मात्र या रुग्णालयाचे 'कांजी तोट्टी' हे जुने नाव दीर्घकाळ सोडले नाही. एक संस्था सैन्याच्या गरजेतून आणि दुसरी भुकेल्यांच्या गरजेतून जन्मली, हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

२ फेब्रुवारी १८३५ रोजी गव्हर्नर सर फ्रेडरिक ॲडम यांच्या कारकिर्दीत जनरल हॉस्पिटलला जोडून वैद्यकशाळा सुरू झाली. लष्करी व मुलकी रुग्णालयांना सहायक पुरविणे हा तिचा हेतू होता. १८५० साली तिचे मद्रास वैद्यकीय महाविद्यालय झाले. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज यापूर्वी पाचच वर्षे, १८४५ साली, उघडले होते. मद्रासच्या शाळेत काय शिकवावे याची चर्चा लष्करी खात्याच्या गरजेभोवती फिरत होती. नगरवासीयांचे मत विचारण्याचा प्रश्नच त्या काळात उद्भवला नाही.

वास्तविक त्याआधीचा एक निराळा आदर्श याच प्रदेशात होता. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) राज्यारोहणापूर्वी काही वर्षे मद्रासेत राहिले होते आणि पाश्चात्त्य विद्यांचा परिचय त्यांना झाला होता. त्यांनी तंजावरास धन्वंतरी महाल स्थापिला. तेथे देशी औषधे तयार होत, वैद्यांचे अनुभव पडताळले जात आणि ते तमिळ पद्यग्रंथांत संकलित होत. नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. देशी वैद्य आणि पाश्चात्त्य पद्धती यांना एका छताखाली आणण्याचा हा प्रयत्न राजाश्रयाचा होता. राजाश्रय संपताच त्याची परंपरा खंडित झाली. मद्रासच्या शाळेने त्यातून काही घेतल्याचे दिसत नाही.

पहिला प्रसंग : वैद्य कोणी व्हावे?

१८७५ साली मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने चार स्त्रियांना प्रवेश दिला. त्या काळी ही गोष्ट भारतातच काय, इंग्लंडमध्येही सहजसाध्य नव्हती. या निर्णयामागे सर्जन-जनरल एडवर्ड बॅल्फोर यांचा आग्रह होता. या चौघींतील मेरी शार्लिब या एका बॅरिस्टरच्या पत्नी. गोषातील स्त्रिया पुरुष डॉक्टरसमोर येत नाहीत आणि त्यामुळे प्रसूतीच्या वेळी त्यांची दुर्दशा होते, हे कळल्यावर त्या वैद्यकाकडे वळल्या. १८७८ साली त्यांनी शिक्षणक्रम पूर्ण केला. इंग्लंडमधील उच्च शिक्षण आटोपून १८८३ साली त्या परतल्या आणि १८८५ साली मद्रासेत उच्चवर्णीय व गोषातील स्त्रियांसाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले. आज ते तिरुवल्लिक्केणी येथील कस्तुरबा गांधी रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

येथे एक गोष्ट काळजीपूर्वक पाहिली पाहिजे. समाजाच्या रूढीने येथे वैद्यक-शिक्षणाचे दार उघडले. पुरुषाने तपासू नये ही रूढी नसती, तर स्त्रीने डॉक्टर व्हावे या मागणीला एवढे बळ आले नसते. परंतु ज्या स्त्रियांच्या नावे हे सर्व घडले, त्यांना स्वतःला कोणी काही विचारले नव्हते. त्यांची अडचण इतरांनी पाहिली आणि इतरांनीच ती शासनाच्या कानी घातली. समाजाचा आवाज येथे परक्या मुखाने बोलत होता.

ही मर्यादा ओलांडून त्या समाजातूनच वैद्य घडावा, या दिशेने पडलेले एक पाऊल म्हणजे कृपाबाई खिस्ती यांचा मद्रास-प्रवेश होय. कृपाबाईंचा जन्म १८६२ साली अहमदनगर येथे झाला. हरिपंत व राधाबाई या ब्राह्मण दांपत्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्या दांपत्याची ही कन्या. इंग्लंडला जाऊन वैद्यक शिकण्यासाठी त्यांना शिष्यवृत्ती मिळण्याजोगी होती. परंतु प्रकृती नाजूक असल्याने परदेशगमनाचा बेत सोडावा लागला आणि १८७८ साली त्या मद्रासच्या महाविद्यालयात दाखल झाल्या. रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या कुटुंबात त्यांची राहण्याची सोय झाली. अभ्यासात त्यांनी चांगले यश मिळविले, पण वर्षभरातच प्रकृती ढासळली आणि शिक्षण सोडून त्यांना परतावे लागले.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. ग्रँट मेडिकल कॉलेजही स्त्रियांना १८८३ सालीच खुले झाले आणि त्यासाठी मुंबईच्या नागरिकांनी निधी उभारला होता. या दोन्ही घटनांच्या पाच वर्षे आधी एक मराठी भाषक तरुणी मद्रासमध्ये शरीरशास्त्राचे पाठ घेत होती, ही गोष्ट मराठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात क्वचितच नमूद होते. बंगालमधून अबला दास (पुढे बोस) याही १८८२ साली मद्रासलाच आल्या, कारण कलकत्त्याच्या महाविद्यालयाचे दार तेव्हा बंद होते. कृपाबाई पुढे सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी विवाहबद्ध होऊन मद्रास इलाख्यातच राहिल्या, मुसलमान मुलींसाठी त्यांनी उटकमंड येथे शाळा चालविली आणि इंग्रजी कादंबरीकार म्हणून नाव मिळविले. त्यांच्या 'सगुणा' या आत्मचरित्रपर कादंबरीत वैद्यक शिकण्याच्या आकांक्षेला स्थान मिळाले आहे. १८९४ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या.

कृपाबाईंच्या अपयशाचा अर्थ केवळ वैयक्तिक नाही. प्रवेश खुला करणे आणि प्रवेश घेणाऱ्याला टिकून राहता येईल अशी व्यवस्था करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. राहण्याची जागा, सोबत आणि आधार यांचा भार महाविद्यालयाने नव्हे, तर एका मिशनरी कुटुंबाने उचलला. १९१२ साली मुत्तुलक्ष्मी रेड्डी त्याच महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, पुढे विधानपरिषदेत गेल्या आणि १९५४ साली त्यांच्या प्रयत्नांनी अड्यारला कर्करोग रुग्णालय सुरू झाले. तेव्हा कोठे समाजाची अडचण समाजातीलच स्त्री, वैद्य म्हणून आणि लोकप्रतिनिधी म्हणूनही, मांडू लागली.

दुसरा प्रसंग : वैद्याने काय शिकावे?

विसाव्या शतकाच्या आरंभी देशी वैद्यांमध्ये संघटनेची जाणीव निर्माण झाली. १९०७ साली नाशिक येथे शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाची मुहूर्तमेढ रोवली गेली. मद्रासमध्ये त्याआधी दोन वर्षे, १९०५ साली, मैलापूर येथे व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी व्यंकटरमण दवाखाना व आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले होते. नागरिकांच्या दानावर चाललेल्या अशा संस्थांमुळे एक प्रश्न अपरिहार्यपणे पुढे आला. बहुसंख्य प्रजा वैद्य-हकिमांकडेच औषध घेत असता शासनाचा सर्व पैसा एकाच पद्धतीच्या शिक्षणावर का खर्च व्हावा?

शासनाने या प्रश्नाचे पहिले उत्तर तज्ज्ञाकरवी दिले. डॉ. एम. सी. कोमन यांच्याकडे १९१८ साली देशी औषधींची तपासणी सोपविण्यात आली. त्यांचा अभिप्राय देशी वैद्यकाच्या सिद्धान्तांना प्रतिकूल होता. वैद्यांच्या संघटनांनी त्याला सविस्तर लेखी उत्तर दिले. आपल्या शास्त्राची परीक्षा ते शास्त्र न जाणणाऱ्याने करावी, हेच त्यांना मान्य नव्हते.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने आरोग्य हे खाते लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले आणि परिस्थिती पालटली. १९२१ साली मद्रास सरकारने मुहम्मद उस्मान यांच्या अध्यक्षतेखाली देशी वैद्यक-पद्धतींविषयी समिती नेमली. कॅप्टन जी. श्रीनिवासमूर्ती हे तिचे चिटणीस होते. ते स्वतः पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर असले, तरी भारतीय दर्शनांचे व्यासंगी होते. समितीने एक प्रश्नावली तयार करून इलाख्यातील वैद्य, सिद्धवैद्य व हकीम यांच्याकडे पाठविली. रोगाचे कारण आपण काय मानता, शिक्षण कसे मिळाले, ते कसे द्यावे, शस्त्रक्रियेविषयी आपले मत काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न होते. उत्तरे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड, उर्दू अशा अनेक भाषांतून आली. १९२३ साली अहवाल दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्याचा दुसरा भाग या लेखी व तोंडी साक्षींनीच व्यापलेला आहे. गावोगावच्या वैद्यांनी आपल्या विद्येविषयी स्वतःच्या भाषेत शासनाला सांगितलेले आणि शासनाने छापलेले असे साहित्य वसाहतकाळात विरळाच आढळते.

समितीचा निष्कर्ष असा होता की, देशी पद्धती तर्कसंगत व शास्त्रीय आहेत, औषधोपचारात त्या स्वयंपूर्ण आहेत, शस्त्रक्रियेत मात्र सांप्रत तशा नाहीत. म्हणून देशी वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शरीररचना व शस्त्रक्रिया यांचे आधुनिक ज्ञानही द्यावे. या शिफारशींना अनुसरून मद्रासमध्ये सरकारी भारतीय वैद्यकशाळा निघाली आणि श्रीनिवासमूर्ती तिचे पहिले प्रमुख झाले. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी अशा तीन शाखा तेथे शिकविल्या जात. समाजातील एका मोठ्या समूहाला विचारून त्याच्या उत्तरांवर अभ्यासक्रम उभा राहिला, असे हे भारतातील आरंभीच्या उदाहरणांपैकी एक होय.

तथापि या यशाच्या पोटातच पुढील अडचण होती. प्रश्नावली वैद्यांकडे गेली, रुग्णांकडे नाही. उत्तर देणारे लिहिणारे-वाचणारे, बहुधा ग्रंथपरंपरेतील होते. सुईणी, हाडवैद्य, कोळीवाड्यातील किंवा डोंगराळ भागातील जाणते यांना अशा चौकशीत स्थान मिळणे अवघड होते. आयुर्वेदाच्या प्रतिष्ठेपुढे सिद्धवैद्यकाला दुय्यम स्थान मिळते, ही तमिळ वैद्यांची तक्रारही पुढील दशकांत वारंवार ऐकू येते. शिवाय आधुनिक विषयांची जोड मिळाल्यावर विद्यार्थ्यांचा ओढा हळूहळू त्या विषयांकडेच वळला. शाळेचे पुढे मिश्रवैद्यक महाविद्यालय झाले आणि अखेर १९६० साली त्याच परिसरात किल्पॉक वैद्यकीय महाविद्यालय हे पूर्णतः आधुनिक वैद्यकाचे महाविद्यालय उभे राहिले. शासकीय सिद्ध महाविद्यालय १९६४ साली निघाले, ते मद्रासपासून दूर पाळयंकोट्टै येथे. राजधानीच्या परिसरात, तांबरम येथे, राष्ट्रीय सिद्ध संस्थेचे उद्घाटन होण्यास २००५ साल उजाडले. समाजाचा आवाज एकदा ऐकणे पुरेसे नसते, तो ऐकत राहण्याची व्यवस्था नसेल तर संस्था आपल्या मुळापासून दूर जाते, हा या प्रसंगाचा धडा आहे.

तिसरा प्रसंग : वैद्याने कोठे शिकावे?

१९४३ साली भारत सरकारने आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिक येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते सनदी सेवेत गेले आणि त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. मद्रासचे नामांकित प्रसूतितज्ज्ञ डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे या समितीचे सदस्य होते. पुढे १९५९ साली नेमलेल्या दुसऱ्या आरोग्य समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. भारतीय वैद्यक-शिक्षणाच्या दोन प्रमुख आराखड्यांवर मद्रासच्या प्रशासकीय व वैद्यकीय अनुभवाची छाया आहे, ती अशी.

१९४६ च्या भोर अहवालाने 'सामाजिक वैद्य' ही कल्पना मांडली. रोग्यावर उपचार करणे एवढेच डॉक्टरचे काम नाही, लोकांना निरोगी जीवनाकडे नेणे हेही त्याचे काम आहे, असे त्यात म्हटले होते. त्यासाठी प्रत्येक महाविद्यालयात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचा विभाग असावा आणि विद्यार्थ्याला त्याचे तीन महिन्यांचे शिक्षण मिळावे, अशी शिफारस होती. प्रत्येक गावी पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी, असेही सुचविले होते. मात्र या दोन शिफारशी अहवालात शेजारी राहूनही एकमेकींना भेटत नाहीत. गावसमिती आरोग्याच्या कामात साहाय्य करील, पण डॉक्टरच्या शिक्षणात तिला काही म्हणता येईल, असे कोठेही सुचविलेले नाही. शिवाय अल्पमुदतीच्या शिक्षणाने तयार होणारे परवानाधारक डॉक्टर बंद करून एकाच प्रतीचा पदवीधर घडवावा, असा बहुमताचा कौल पडला. काही सदस्यांनी याविरुद्ध भिन्नमत नोंदविले. खेड्यात जाऊन राहणारा डॉक्टर कोणता, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

मद्रासमध्ये या विचाराला कृतीचे रूप दिले ते डॉ. के. एस. संजीवी यांनी. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेल्या या वैद्यकाने १९५८ साली अड्यार परिसरात व्हॉलंटरी हेल्थ सर्व्हिसेस ही संस्था स्थापिली. कुटुंबांनी आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी द्यावी आणि तीतून सर्वांना सेवा मिळावी, ही तिची मूळ कल्पना. सुमारे पाच हजार वस्तीसाठी एक लघु आरोग्यकेंद्र आणि त्यात स्थानिक कार्यकर्ते, अशी रचना या संस्थेने पुढे आणली. वर्गणी देणारा हा केवळ उपकृत रुग्ण राहत नाही, जाब विचारण्याचा अधिकार त्याला प्राप्त होतो, हे या रचनेचे मर्म होते.

महाराष्ट्रात याच दिशेचा प्रयोग सेवाग्राम येथे झाला. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नवा विद्यार्थी प्रथम पंधरा दिवस गांधींच्या आश्रमात राहतो. नंतर त्याची तुकडी एका खेड्यात मुक्काम करते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात आणि पुढे त्याने त्यांना नियमित भेट द्यावयाची असते. परिसरातील खेड्यांनी ज्वारीच्या रूपाने वर्गणी देऊन आरोग्यविमा उभारला आणि ग्रामसभा हा त्या योजनेचा आधार होता. अड्यारची वर्गणी रुपयांत होती, सेवाग्रामची धान्यात. तत्त्व मात्र एकच. १९७५ च्या श्रीवास्तव समितीनंतर १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगट दत्तक घ्यावेत, अशी योजना देशभर निघाली. परंतु वरून आलेल्या आदेशात वर्गणीदाराचा तो अधिकार नव्हता आणि बहुतेक ठिकाणी ती मोटारगाड्यांच्या फेऱ्यांपुरती उरली.

समारोप

२०२१ हे वर्ष या इतिहासाच्या दृष्टीने विशेष मानावे लागेल. उस्मान समितीच्या नेमणुकीला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी तमिळनाडू सरकारने निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेच्या परिणामांविषयी समिती नेमून जनतेची मते मागविली. ८६,३४२ निवेदने आली. बहुसंख्य मते परीक्षेच्या विरोधात होती. त्यानंतर राज्य विधानसभेने संमत केलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. देशभर एकच कसोटी असावी, त्याने गुणवत्तेची हमी मिळते, असे परीक्षेच्या समर्थकांचे म्हणणे आहे. खेड्यातील, सरकारी शाळेतील, मातृभाषेतून शिकलेला विद्यार्थी त्यामुळे मागे पडतो आणि खेड्यात परतणारा डॉक्टर दुर्मीळ होतो, असे विरोधकांचे. या वादाचा निर्णय हा या लेखाचा विषय नाही. परंतु 'वैद्य कोणी व्हावे' या १८७५ च्या प्रश्नावर त्याच शहरात सहस्रावधी नागरिकांनी आपण होऊन लिहून कळविले, ही घटना इतिहासाने नोंदवावी अशी आहे.

त्याच सुमारास, २०२१-२२ च्या तुकडीपासून, देशातील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घ्यावीत, असा नियम अभ्यासक्रमात आला. सेवाग्रामचा अनुभव अशा रीतीने देशव्यापी झाला. येथे 'दत्तक' हा शब्द मात्र विचार करावयास लावणारा आहे. दत्तक घेणारा विद्यार्थी आणि दत्तक जाणारे कुटुंब, अशी कल्पना त्यात गृहीत आहे. प्रत्यक्षात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला आपल्या घरात येऊ देणारे, आजारपण, पैसा आणि संकोच यांविषयी त्याच्याशी बोलणारे ते कुटुंबच त्याला शिकवीत असते. त्या शिकवणीची दखल घेणारी, विद्यार्थी कसा वागला हे त्या कुटुंबाला विचारणारी रीत मात्र अजून सार्वत्रिक झालेली नाही.

तिन्ही प्रसंगांतून एकच सूत्र हाती लागते. १८७५ साली समाजाची अडचण दुसऱ्यांनी सांगितली. १९२१ साली समाजातील जाणत्यांना विचारले गेले, पण एकदाच. १९४६ नंतर विद्यार्थी समाजाच्या दारापर्यंत पोहोचला, पण समाजाला महाविद्यालयाच्या दारातून आत येता आले नाही. जेथे समाजाने काही दिले, मग ते दान असो, वर्गणी असो की पायलीभर ज्वारी असो, तेथे त्याचा शब्द अधिक काळ टिकला. मणेगार चावडीच्या कांजीपासून सेवाग्रामच्या ज्वारीपर्यंतचा हा इतिहास वैद्यक-शिक्षणाच्या नव्या नियमांची आखणी करणाऱ्यांनी दृष्टीआड करू नये.